उतरलं की सांगा

उदगीरला आमच्या शेजारच्या काकूंचा आवाज असा खडा, की त्या हळू बोलल्या तरी चौकातला माणूस वळून बघतो. त्यांची लेक बंगळुरूला देशी लढाऊ विमानाच्या वायरी जोडते. "आमचं विमान तयार व्हायलंय बगा," असं काकू सांगतात, जणू ते अंगणातच उभं आहे. पण लेक सुट्टी संपवून निघाली की त्या स्टेशनवर जात नाहीत. "पोचले" म्हणून फोन येईपर्यंत चहासुद्धा घेत नाहीत. मला तो निव्वळ हेका वाटायचा.

त्या विमानाचं पहिलं उड्डाण टीव्हीवर दाखवलं, तेव्हा अख्खी गल्ली आमच्या घरात होती. चाकांनी जमीन सोडली आणि टाळ्या-शिट्ट्यांनी घर दणाणलं. काकू मात्र टीव्हीकडे पाठ करून दाराशी उभ्या.

"काकू, उडालं की!" मी ओरडलो.

"उडाल्यालं नका सांगू. उतरलं की सांगा."

विमान सुखरूप उतरलं. मी सांगितलं. काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना सारून टीव्हीसमोर मांडी घातली.

"हं. आता उडताना दाखवा."

टीव्हीवाल्यांनी तेच उड्डाण पुन्हा दाखवलं, तेव्हा सगळ्यांत मोठी शिट्टी काकूंची होती. दोन बोटं तोंडात घालून.