सुमनला उठवलं तेव्हा

बाळंतीण नातसुनेच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि मला बैहरचं आमचं घर आठवलं. माझी पहिली लेक सुमन तेव्हा आठवड्याची होती, अगदी बारकी. एके दिवशी दुपारपासून ती दूध न पिता झोपली होती.

"लेकराले झोपेतून उठवायचं नाही," असं सासूबाईंनी बजावलं होतं, म्हणून मी नुसती तिचा श्वास बघत बसले. दिवेलागणीला मला रडूच आलं.

सासूबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काहून रडून राह्यली? उठव तिले. मले बी भेव लागून राह्यलं."

मी ओल्या फडक्यानं तिचे तळवे पुसले. ती कुरकुरली, मग तिनं भोकाड पसरलं आणि छातीला लागून गटागटा प्यायली. सासूबाई भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होत्या.

आज कळतं, त्यांचीही ती पहिलीच नात होती; आजी म्हणून त्याही माझ्यासारख्याच नवख्या होत्या. त्या संध्याकाळनंतर मला त्यांचा धाक कधी वाटला नाही.