बिघाड नसलेल्या लॅपटॉपची दुरुस्ती

मी कुठलीही वस्तू पूर्ण विचार करून घेतो, त्यामुळे आमच्या घरात वस्तू फार कमी आहेत. मिक्सर कुठल्या कंपनीचा घ्यावा याचा मी इतका सखोल अभ्यास केला, की तोवर बायकोचा पाटा झिजून गुळगुळीत झाला! अशा माणसावर लॅपटॉप निवडायची जबाबदारी आली.

झालं असं, की केतकीचा, म्हणजे आमच्या मुलीचा, जुना लॅपटॉप एकाएकी बंद पडला आणि तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत आली सोमवारी. इंजिनियरिंगनंतरची पहिलीच मुलाखत. पोरगी घायकुतीला आलेली, आणि माझ्या अंगात उत्साह.

"बाबा, कुठला पण घ्या, पण घ्या ओ!"

"कुठला पण कसा? टिकाऊपणा, वापरायची सोय, किंमत आणि विक्रीनंतरची सेवा. चार विषय. प्रत्येकाला पंचवीस मार्क." (मी हायस्कुलात मास्तर आहे. मार्क दिल्याशिवाय मला झोप येत नाही.)

सल्ल्यासाठी मी निपाणीला मेहुण्याकडे गेलो. आप्पाची तंबाखूची वखार आहे. जिथं माणसाला शिंका आवरत नाहीत, तिथं त्याचा लॅपटॉप सुखानं नांदतो. आप्पानं लॅपटॉपच्या पाठीवर अशी थाप मारली, की मीच दचकलो.

"लई चिवट हाय, दाजी! आणि बैल घेताना काय करतो आपण? चार दिस औताला जुंपून बघतो, मग पैशाचं बोलतो. ह्यो घरी न्या, जुंपून बघा."

मला हे एकदम पटलं. बेळगावजवळ हिंडलग्याला घरी परतल्यावर शेजारच्या सुनंदाआक्कांकडूनही त्यांच्या मुलाचा दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप मागून आणला. आक्का म्हणाल्या, "केतकीच्या मुलाखतीला व्हईल, ठेवा की." म्हणजे खरं तर प्रश्न तिथंच सुटला होता. पण सुटलेला प्रश्न तसाच सोडून दिला, तर मी मास्तर कसला?

तीन विषयांची परीक्षा झाली. चौथ्यावर गाडी अडली. विक्रीनंतरची सेवा कशी आहे, हे वस्तू बिघडल्याशिवाय कळणार कसं? आणि दोन्ही लॅपटॉप तर ठणठणीत! मग मी, शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेणारा मी, शनिवारी सकाळी दोन्ही कंपन्यांना फोन करून खोटंच सांगायचं ठरवलं, की लॅपटॉप चालू होत नाही.

आधी आप्पाची कंपनी. मराठीचं बटण दाबलं, तर पलीकडची बाई म्हणाली, "तुमचा पिनकोड कर्नाटकचा आहे," आणि तिनं मला कन्नड विभागात ढकललं. तिथल्या बाईला मी मेथीचा भाव करण्यापुरत्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं. ती म्हणाली, खरेदी कोल्हापूरची आहे, महाराष्ट्राला विचारा! मी पुन्हा महाराष्ट्रात. पुन्हा कर्नाटकात. सीमेचा जो प्रश्न इतकी वर्षं कोर्टात लोंबकळतो आहे, तो माझ्या फोनवर सुटेल अशी आशा नव्हतीच. मी फोन ठेवला आणि शून्य मार्क दिले. आप्पाला ते कळताच तो संध्याकाळी येऊन लॅपटॉप काखोटीला मारून घेऊन गेला, चहासुद्धा न घेता.

दुसऱ्या कंपनीनं मात्र कमालच केली. रविवार असूनही सकाळी सकाळी इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण तंत्रज्ञ दारात हजर! केतकी मैत्रिणीकडे (तिचीही सोमवारीच मुलाखत होती) सराव करायला गेली होती. त्यानं बटण दाबलं. लॅपटॉप लगेच चालू झाला.

"चालतोय की, सर."

"आत्ता चालतोय," मी म्हणालो. कारण एव्हाना सुनंदाआक्का दारात येऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या लॅपटॉपबद्दल मी खोटी तक्रार केली, हे त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं सांगणार?

त्यानं उलटासुलटा करून तपासला. काही सापडेना. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच तो गंभीर झाला.

"फॉल्ट सापडत न्हाय म्हंजे फॉल्ट मोठा हाय, सर. हुबळीला न्यायला लागतंय."

"नको, नको! असू दे की!"

"तसं कसं सर? फॉल्ट सापडल्याबिगर कंप्लेंट क्लोज होत न्हाय. कंप्लेंट तुम्हीच केलासा नव्हं?"

आक्का माझ्याकडे बघत होत्या. बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "व्हय."

आणि त्यानं तो लॅपटॉप फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये लेकरासारखा गुंडाळून नेला. सेवेला मी पंचवीसपैकी पंचवीस दिले.

दुपारी केतकी आली.

"बाबा, लॅपटॉप कुठाय?"

"हुबळीला."

ती रडली नाही. तिनं सेवेला किती मार्क पडले ते विचारलं, आणि मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवार, दुकानं बंद. मुलाखत सोमवारी दुकानं उघडायच्या आधी. आप्पाला फोन लावला, तर तो म्हणाला, "शून्य मार्कांचं जनावर व्हय? ते भागीदारासंगं सांगलीला गेलं!"

"पोरीचं वाटोळं करून ठेवलासा," बायको म्हणाली.

सोमवारी केतकीनं तांदळाच्या डब्याला टेकवून माझा मोबाइल उभा केला आणि मला परसात हाकललं. मी खिडकीखाली, कान लावून. पलीकडून आवाज आला, "आमच्या ग्राहकसेवा विभागात फार त्रासदायक ग्राहक येतात. असा एखादा तुम्ही पाहिला आहे का?"

मग केतकी बोलायला लागली आणि थांबेचना! बैल, पिनकोड, मार्क, हुबळी, काही सोडलं नाही. मोबाइलमधून तीन माणसांच्या हसण्याचा आवाज येत राहिला. शेवटी एकजण म्हणाला, "अशा गृहस्थांबरोबर तुम्ही बावीस वर्षं काढलीत? मग आमच्याकडं तुम्हाला काहीच जड जायचं नाही."

पोरीला नोकरी लागली. गल्लीत पेढे वाटताना मी सगळ्यांना अभिमानानं सांगतो, की तिच्या निवडीत माझा फार मोठा वाटा आहे. कसला, ते विचारलं की मी पुढच्या घरी पेढे द्यायला निघतो.