माझ्या वर्गात होता, एवढंच

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडले तरी तिथे दुसरंच काहीतरी पुटपुटत राहिले. तुम्हालाच का सांगते आहे? — पण हे कारणं देणं झालं. ते नको. क्रमाने सांगते.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या एका शाळेत मी गणित आणि वाणिज्य शिकवत असे. 'पत' हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहून समजावत असे : हाती पैसा नसताना जो विश्वास उपयोगी पडतो, ती पत. हे घडलं त्या वर्षी तर एका साप्ताहिकातला लेखही वर्गात वाचून दाखवला होता. परदेशात आणि आता मुंबईतही काही लोक रोख न देता प्लॅस्टिकचं कार्ड दाखवून खरेदी करतात. दुकानदाराला पैसे बँक देते, आणि गिऱ्हाईक ते मागाहून बँकेत भरतं. मुलं हसली. मी त्यांना गप्प केलं आणि पुन्हा नीट समजावलं. एवढं लक्षात असू द्या — ही गोष्ट मला समजावून सांगता येत होती.

बाजारपेठेत आमचं नेहमीचं कापडाचं दुकान होतं. व्यवहार रोखीचा, उधारी फक्त ओळखीवर. नवखं गिऱ्हाईक उधार मागू लागलं, की शेठ दुकानातल्या एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाकडे वळून विचारत, "तुमच्या ओळखीचे का?" त्याने "हो" म्हटलं की काम झालं. त्या 'हो'ला सही लागत नसे. मात्र पैसे बुडाले, तर 'हो' म्हणणाऱ्याचा त्या दुकानातला मान जात असे.

एका दुपारी मी तिथे पडद्यांचं कापड पाहत होते आणि अन्वर आला. माझा जुना विद्यार्थी, मिरकरवाड्याचा. दुबईला नोकरीला लागलेला. बरोबर त्याची आई. बहिणीचं लग्न अगदी तोंडावर आलं होतं. आईने मोतिया रंगाची एक साडी निवडली, पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिली. मग कळलं, की अन्वरचा ड्राफ्ट बँकेत अजून वटलेला नाही. "आठवडाभरात देतो, शेठ," तो म्हणाला, आणि आपल्यावर विश्वास बसावा म्हणून त्याने खिशातून एक कार्ड काढून पुढे ठेवलं. "तिकडे हे दाखवलं, की दुकानदार सामान बांधून देतो."

शेठनी ते उलटसुलट करून पाहिलं. "रमीत पान टाकतात, ठाऊक होतं. पान टाकून साड्या नेतात, हे आज कळलं!"

दुकान हसलं. हसणाऱ्यांत मी होते का? — होते.

"बाई, तुम्ही तरी सांगा यांना," अन्वर म्हणाला. शेठ माझ्याकडे वळले. "काय बाई, तुमच्या ओळखीचा का?"

इथे येऊन मी नेहमी थांबते. आता थांबत नाही.

"माझ्या वर्गात होता," मी म्हटलं. "एवढंच."

हे वाक्य तपासून पाहा. त्यात एकही शब्द खोटा नाही. मुलांना मी जी काटेकोर भाषा शिकवली, तिच्यातलंच ते आहे. आणि त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे मला बोलण्याच्या आधी कळलेलं होतं.

का म्हटलं? पैसे बुडाले तर माझं नाव जाईल म्हणून? की ज्याला त्रैराशिक कधी जमलं नाही, त्याच्या मनगटावरचं ते झगझगीत घड्याळ मला खुपलं — मी स्वस्तातलं कापड शोधत असताना? त्याच्या जागी आमच्या आळीतला कुणी असता, तर? — या प्रश्नाचं उत्तर मला येतं. मी ते मोठ्याने कधी दिलेलं नाही.

शेठनी साडी मागे घ्यायला हात पुढे केला. आईने तिची आपणच घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि परत दिली. "चल रे," एवढंच ती म्हणाली. अन्वर जाताना "येतो, बाई" म्हणाला. शाळेत म्हणायचा तसंच.

मग माझी पाळी आली. पर्समधले पैसे पडद्यांना पुरत नव्हते. "वहीत मांडून ठेवतो, बाई. जा तुम्ही," शेठ म्हणाले. आणि मी गेले — कापड घेऊन.

हे इथेच संपलं असतं, तर ते भित्रेपण होतं, असं म्हणून कदाचित मी सुटले असते. पण काही महिन्यांनी एसटी स्टँडवर अन्वरची आई दिसली. मी तोंड फिरवणार, तोच तिने हाक मारली. बाकावर सरकून मला जागा दिली. लग्न पार पडलं, म्हणाली. मुलीला शेजारणीची साडी नेसवली. टोमणा नव्हता. मग ती म्हणाली, "अन्वर बोलतो, बाईंना त्या कार्डाचं काय ठाऊक असणार? ठाऊक असतं, तर त्या गप बसल्या नसत्या."

ती माझ्याकडे पाहत होती. तिची गाडी अजून लागायची होती, माझीही. सांगायला वेळ होता.

"हो," मी म्हटलं, "मला तेव्हा ठाऊक नव्हतं."

ठाऊक होतं.