आक्का वर पोहोचल्याच नव्हत्या

माझी थोरली जाऊ गेल्याची बातमी मला सायकल क्लबच्या ग्रुपवर कळली. त्यांच्यासाठी पेज करायला म्हणून मी हॉस्पिटलातून घरी आले होते. कुकर उतरवला, फोन वाजला म्हणून बघितलं, तर आक्कांचा हेल्मेट घातलेला फोटो, शेजारी लुकलुकणारी मेणबत्ती आणि खाली ओळ : 'मृत्यूशी झुंजणाऱ्या रणरागिणीला क्लबतर्फे भावपूर्ण श्रद्धांजली.' विक्रमचा, म्हणजे आक्कांच्या मुलाचा, फोन त्यानंतर आला. रडता रडता तो सांगत होता की गाडीची सोय बघायला म्हणून आधी क्लबच्या अध्यक्षांना कळवलं, काकू, आता तुम्हाला लावतोय... अध्यक्षांनी गाडीच्या आधी मेणबत्तीची सोय केली होती.

सुतकात कुणाला नावं ठेवू नयेत म्हणून मी काही आठवडे गप्प बसले. आता बसणार नाही. या पुरवणीच्या संपादकांनी फोनवर आर्जवानं सांगितलं, "मॅडम, लेख जरा प्रेरणादायी होऊ द्या." हा शब्द कानावर पडला की आक्कांना मळमळायचं, आणि ते औषधांमुळं नव्हे. तेव्हा प्रेरणा हवी असलेल्यांनी कृपया पान उलटावं.

रेखाआक्का मार्केट यार्डाजवळ पशुखाद्याची एजन्सी चालवायच्या. माझे थोरले दीर अचानक गेले तेव्हा भाऊबंदांनी एजन्सी विकायचा सल्ला दिला; आक्कांनी तो ऐकून घेतला, सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर स्वतः उघडलं. दूध कमी आलं की शेतकरी पेंडीला दोष द्यायचे. आक्का म्हणायच्या, "पावणं, म्हशीला आधी इचारा, मग मला इचारा." बोलणं असं खणखणीत, आणि स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो'. आमच्याकडच्या पुष्कळ बायका बोलतात तसं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण त्यांचं ते 'आलो-गेलो' दुरुस्त करायची हिंमत मला झाली नाही आणि गरजही वाटली नाही.

साखर वाढली, चाला किंवा सायकल चालवा, असं डॉक्टरांनी आक्कांना सांगितलं तेव्हा मी क्लबात होतेच. आक्का विक्रमची कॉलेजातली सायकल घेऊन, पंजाबी ड्रेसवर स्वेटर घालून आणि कान बांधून एका थंडीत पहाटे रंकाळा तलावावर हजर झाल्या. तिथं जमलेल्या पुरुषांच्या अंगाला चिकटलेले भडक रंगाचे कपडे बघून मला हळूच म्हणाल्या, "शैला, ह्यांच्या बायका ह्यांना असं घराबाहेर सोडत्यात?" आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चला की! का अजून कोण नटायचं राहिलंय?"

या क्लबाबद्दल आता स्पष्टच लिहिते. थंडी पडली की तो बिळातून बाहेर यायचा आणि होळीनंतर परत बिळात जायचा. अध्यक्ष प्रतापराव, धंदा संगमरवराचा, स्वतःला 'कॅप्टन' म्हणवून घ्यायची हौस. सायकल हलकी हवी म्हणून परदेशी फ्रेम मागवायची आणि पोट मात्र होतं तिथंच ठेवायचं, असा सगळा कारभार. कागलपर्यंत जायला जितका वेळ लागे त्याहून जास्त वेळ फोटोला लागायचा. कुणाचा वाढदिवस असला की हायवेच्या कडेला सायकलच्या सीटवर केक ठेवून कापायचा आणि तोंडाला फासायचा. मिसळ झाली की निम्म्या मंडळींचे ड्रायव्हर गाड्या घेऊन हजर. सायकली टपावर, हे आत. आक्का एकदा तो देखावा बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "येताना सायकलनं ह्यांना आणलं, जाताना हे सायकलला नेणार. मग चालवतंय कोण कुणाला?" त्यावर कॅप्टन हसले. आपल्याला काय म्हटलं गेलंय हे न कळता हसायची त्यांना सवय आहे.

मग आक्का येत का राहिल्या? सायकलसाठी. त्यांना ती मनापासून आवडायला लागली. उसाच्या शेतांवर धुकं बसलेलं असायचं, गुऱ्हाळ पेटलेलं असलं की रस्ताभर कढत्या रसाचा वास यायचा, समोरून उसानं वाकलेल्या ट्रॉल्या धडधडत जायच्या आणि त्या वाऱ्यानं सायकल हलायची. एरवी दहा माणसांचं बोलणाऱ्या आक्का तेव्हा एक शब्द बोलायच्या नाहीत. थंडीनं नाक लाल, डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले. "दुकानात दिवसभर माणसं," त्या म्हणाल्या होत्या, "आणि घरात गेलो की फोटोतला माणूस. हितं कोण न्हाय बघ." मला वाटतं, नवरा गेल्यावर त्यांना एकटं असण्याचं सुख पहिल्यांदा त्या रस्त्यावर मिळालं.

मग पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला. एक हिवाळा सगळा ऑपरेशन आणि औषधांत गेला. पुढच्या थंडीत डोक्यावर मऊ, करडे केस घेऊन आक्का पुन्हा रंकाळ्यावर आल्या, आणि त्या दिवसापासून क्लबाला त्या दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी क्लबाला एक बॅनर मिळाला. खरोखरचाच बॅनर, चौकात लागला. 'कॅन्सरवर मात करणाऱ्या आमच्या आक्का!' आक्का त्याखाली उभ्या राहिल्या. "मात? कुणी केली? डॉक्टर तर अजून काय बोलंना झालेत." त्यांनी कॅप्टनना फोन करून तो काढायला सांगितलं. कॅप्टन म्हणाले, "आक्का, लोकांना बळ मिळतंय!" आक्का म्हणाल्या, "मग माझं द्या की परत."

बॅनर निघाला नाही. वर सत्कार ठरला. हॉल, शाल, श्रीफळ, फेटा. करड्या केसांवर तो फेटा बसेना, तर दोघांनी धरून बसवला. भाषणांत 'लढा' हा शब्द इतक्यांदा आला की मला युद्धाच्या धड्याची आठवण झाली. शेवटी आक्कांच्या हातात माइक दिला. त्या म्हणाल्या, "मी लढाई-बिढाई काय केलेली न्हाय. मी पलंगावर पडलतो. सलाईन लावलं की ओकत हुतो. मला भ्या वाटतंय... आजबी वाटतंय. हे कुणालातरी सांगावं म्हणून मी तुमच्यात येतो. पण तुम्ही सांगू देत न्हाई."

हॉलभर टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतले उठून उभे राहिले. कॅप्टननी डोळे पुसले. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. विहिरीत पडलेल्या माणसानं हाक मारावी आणि वरच्यांनी वाहवा करावी, तेव्हा तो जसा बघेल तसं त्या बघत होत्या.

त्यानंतर महिन्याभरानं क्लबानं जोतिबाची चढाई जाहीर केली. 'आक्कांसोबत जोतिबा.' आक्कांनी आधीच बजावलं होतं, "जमंल तिथवर येतो." पायथ्याच्या केर्ली गावापर्यंत ठीक होतं. घाट लागला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडायला लागला. त्या उतरायच्या बेतात होत्या तोच कॅप्टन मागून आले, पाठीवर हात ठेवला आणि ढकलायला लागले. आणखी दोघे आले. एकजण पुढं मोटारसायकलवर उलटा बसून शूटिंग करत होता. "चांगभलं! आक्का, थोडंच राहिलंय! हरायचं नाही!" आक्कांनी करकचून ब्रेक दाबला.

"हात काढा."

"अहो आक्का, तुम्ही हार मानायची नाही..."

"परतापराव, हात काढा म्हणतो. मी काय बंद पडलेली जीप न्हाय."

हात निघाले. आक्कांनी सायकल बाजूला लावली आणि रस्त्याच्या कठड्यावर बसल्या. "पोटात दुखतंय. मी बसतो हितं. तुम्ही जावा." कॅप्टनच्या चेहऱ्यावर खरोखरची कळकळ होती, हे कबूल करते, पण ती आक्कांबद्दल नव्हती. "असं निम्म्यात कसं, आक्का? लोकांना काय सांगायचं?" "सांगा, म्हातारी दमली." एवढं साधं वाक्य त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. बराच वेळ घोटाळून शेवटी वरात वर गेली. मी थांबले.

खाली शेतं पसरली होती आणि गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चढत होता. आक्का दम घेत होत्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "शैला, मी बरा होईन असं मला वाटत न्हाय."

'असं काय बोलता' हे वाक्य उचकीसारखं घशाशी येतं. मी ते गिळलं. म्हटलं, "मलापण तसंच वाटतंय, आक्का."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "कोणतरी बोललं."

मग त्या बोलत राहिल्या. मरायचं भ्या वाटतंय, पण त्याहून दुखायचं जास्त वाटतंय. विक्रम एजन्सी विकेल, विकू दे, त्याचा जीव त्यात न्हाय. फोटोतल्या माणसाचा आवाज आता आठवत न्हाय. बोलता बोलता ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मी म्हटलं, "रडा की." "हितं? रस्त्यावर?" "बघायला कोण हाय? सगळी वर फोटो काढत्यात." तेव्हा आक्का रडल्या. मोठ्यानं, हुंदके देऊन, ओढणीत नाक शिंकरत. देवाला निघालेली एक जीप गेली. आतल्या बायकांनी वाकून बघितलं. मी त्यांच्याकडं रोखून बघितलं, तशी त्यांनी तोंडं फिरवली.

रडून झाल्यावर त्यांना थंडी वाजायला लागली. आम्ही सायकली फिरवल्या आणि उताराला लागलो. आक्कांनी पायडलवरून पाय काढून दोन्हीकडं पसरले आणि एका वळणावर आडव्या आलेल्या शेरडांना ओरडल्या, "व्हा बाजूला, म्हातारी आली!" शेरडं उधळली. आक्का हसत होत्या. वाऱ्यानं हसणं तुटक तुटक मागं माझ्यापर्यंत येत होतं. त्या सबंध आजारपणातलं त्यांचं तेवढंच खरं हसणं माझ्यापाशी आहे.

आम्ही घरी पोहोचायच्या आत ग्रुपवर व्हिडिओ पडला होता. ढकलतानाचे काही क्षण, लगेच देवळाचं शिखर, गुलाल आणि जयघोष. 'आक्कांनी जोतिबा सर केला!' आक्का म्हणाल्या, "बघ, न जाताच पोचलो." आणि चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत त्यांनी ग्रुपवर लिहिलं : 'मी वर गेलो नाही. निम्म्यात बसलो.' लगेच कुणीतरी हात जोडलेली चित्रं पाठवली : 'ही तुमची नम्रता, आक्का!'

पुढं आजार झपाट्यानं वाढला. हॉस्पिटलात क्लबाची मंडळी गुच्छ घेऊन आली तेव्हा आक्कांनी झोपेचं सोंग घेतलं. मंडळींनी पलंगामागं उभं राहून फोटो काढून घेतला आणि ती गेली. आक्कांनी एक डोळा उघडला. "गेली का वरात?"

शोकसभा क्लबानंच ठेवली. तोच हॉल. पडद्यावर तोच व्हिडिओ. कॅप्टन सांगत होते, "त्या दिवशी माउली शिखरावर पोहोचल्या आणि मला म्हणाल्या, प्रतापराव, मी हरणार नाही." मी उठले. विक्रम शेजारी होता, त्यानं अडवलं नाही. म्हटलं, "त्या वर पोहोचल्या नव्हत्या. निम्म्यात बसल्या, रडल्या आणि घरी आल्या. त्यांना भीती वाटत होती. त्यांनी स्वतः ग्रुपवर लिहिलंय, बघा." मग कॅप्टन खेदानं हसले आणि माइकवर म्हणाले, "वहिनी भावनिक झाल्यात. आपण समजून घेऊया." कुणीतरी मला पाण्याची बाटली दिली. पुढचा वक्ता उठला. ही माणसं वाईट असती तरी एक वेळ चाललं असतं, त्यांच्याशी भांडता आलं असतं. पण ती नुसती बहिरी आहेत, आणि आपल्या बहिरेपणाला ती कौतुक म्हणतात.

मी सभा संपायच्या आत बाहेर पडले. पार्किंगमध्ये मागून हाक आली. नसीमा होती. ती क्लबात येते, घरच्या चपलांच्या दुकानाचा व्याप सांभाळून. कायम सगळ्यांच्या मागं, कुणाच्याच फोटोत नसते. माझं तिचं तोवर चार शब्दांपलीकडं बोलणं नव्हतं.

"ताई, आक्का खरंच वर गेल्या न्हवत्या?"

"न्हाई."

"आणि रडल्या?"

"लहान पोरासारख्या."

तिनं इकडंतिकडं बघितलं. "मला छातीत गाठ लागलीया. तपासाय दिलंय. घरात अजून बोलले न्हाय. आक्कांचा तो व्हिडिओ बघायचे आणि वाटायचं, आपल्याला न्हाई बाई जमायचं हे... माझं तर आत्ताच हातपाय गळालेत."

"त्यांचेपण गळाले होते, नसीमा."

ती तिथंच एका दुचाकीला टेकून रडायला लागली. आत हॉलमध्ये कॅप्टन आक्कांच्या नावानं दर हिवाळ्यात जोतिबाची चढाई जाहीर करत होते. तो आवाज आमच्यापर्यंत येत होता. मी तिला गप्प केलं नाही.

परवाच्या रविवारी आम्ही दोघीच कागलच्या रस्त्यानं निघालो. पहाटेचा गारवा अजून थोडा शिल्लक आहे. गाव मागं पडलं, उसाची एक ट्रॉली आमच्या सायकली हलवून गेली. नसीमाचा रिपोर्ट अजून यायचा आहे. ती त्याबद्दल बोलली नाही, मीही विचारलं नाही. एका बारीकशा चढावर तिचा वेग कमी झाला.

"ताई, दम लागला. थांबूया?"

मी ब्रेक दाबला. सायकली बांधाला टेकवल्या आणि आम्ही बसलो.