खरात सरांचं मैदान

खरात सर रिक्षात बसले की पत्ता सांगत तो अस्तित्वात नसलेल्या मैदानाचा. नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडे आज बियाण्यांची गोदामं आणि एक बँक आहे, तिथे त्यांच्या तरुणपणी फुटबॉलचं मैदान होतं म्हणे. बँकेत जायचं असलं की सर म्हणत, "कॉर्नरला सोड." गोदामाकडे काम असलं की, "पेनल्टीपाशी थांब." जुने रिक्षावाले बरोबर नेऊन सोडत. एखादा नवा गोंधळून मागे बघायचा, मग सर त्याला अर्धा रस्ता मैदानाच्या हद्दी समजावत.

सर शाळेत आम्हाला पीटी शिकवायचे. 'बहुतेक' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. चुकले तरी खणखणीत आवाजात चुकत. माझ्या लग्नाच्या दिवशी भलत्याच मंगल कार्यालयात शिरून पोटभर जेवून आले आणि वर मलाच म्हणाले, "तू चुकीच्या जागी लग्न करून राह्यला, त्याला मी काय करू?"

निवृत्तीनंतर संध्याकाळी ते माझ्या फोटो स्टुडिओत येऊन बसत. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी सलीमवर यायचं. सलीम म्हणजे त्यांच्या संघातला डावखुरा खेळाडू, त्यांचा जिवाभावाचा दोस्त. "त्याच्या डाव्या पायातून बॉल सुटला की गोलकीपरनं नुसतं बाजूला व्हायचं," सर सांगत. "मी सोता गोलकीपर होतो, मी बी बाजूलाच व्हायचो." सलीम गेला होता, बाकीचेही एकेक करून गेले होते. एकदा हसता हसता सर थांबले. "आता मी एकटाच राह्यलो. मी मेलो की तिथं मैदान होतं हे कोन सांगनार रे?"

म्हणून त्या निगेटिव्हचा मला एवढा आनंद झाला होता. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत ती सापडली. एक फुटबॉलचा संघ, मागे गोलचे खांब, बाजूला पाण्याची टाकी. चेहरे बुरशीने खाल्लेले. मी ती घाईघाईत स्कॅन केली आणि 'जुनं जालना' या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, जागा ओळखा.

सर स्टुडिओत धावतच आले म्हणायला हरकत नाही. "आपलं मैदान! हा मी, हा सलीम. बॉलवर पाय ठेवून उभा हाय बघ, त्याची सवयच होती ती." ग्रुपवरही त्यांनी तसंच बोलून टाकलं.

मी फोटो नीट पाहिला आणि माझ्यातला जाणकार जागा झाला. टाकी आजही उभी आहे, गोलच्या जागेच्या उजव्या हाताला. फोटोत ती डावीकडे होती. शिवाय त्या खेळाडूचा चेंडूवर होता तो उजवा पाय. मी ग्रुपवर तसं लिहिलं. सर हटणार थोडेच! "तवा टाकी तिकडंच होती," असा त्यांचा व्हॉइस मेसेज आला. त्यावर कुणी विचारलं, "सर, मग टाकी चालत आली का?" हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यातलं एक माझं होतं. शेवटी ग्रुप चालवणारा या नात्याने मी फोटोखाली निकाल देऊन टाकला: हे मैदान जालन्याचं नाही.

सर ग्रुपमधून गेले. स्टुडिओतही येईनासे झाले. मी मनाशी म्हटलं, रुसलेत, येतील आपोआप.

मग एका दुपारी तोच फोटो मोठा करून बघत होतो. सगळ्यांच्या सदऱ्यांचे खिसे उजव्या छातीवर होते. एका माणसाच्या शिंप्याची चूक होईल, अख्ख्या संघाची कशी होईल? निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. ती उलटी ठेवली की आरशातल्यासारखं डावं-उजवं बदलतं. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्याला मी हे पहिल्याच दिवशी सांगतो. निगेटिव्ह मीच उलटी ठेवली होती. पुन्हा सुलटी स्कॅन केली. टाकी उजवीकडे आली, सलीमचा डावा पाय चेंडूवर आला. मला माझी इतकी लाज वाटली की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

ग्रुपवर चूक कबूल केली, मोठी प्रत काढली आणि सरांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. वाटलं होतं, झाडतील. त्यांनी फोटो हातात घेतला आणि सलीमच्या पायावर बोट ठेवलं.

"मला वाटलं, माझंच डोकं फिरलं," ते हळूच म्हणाले. "रात्री मैदान आठवाया बसायचो, टाकी कधी इकडं दिसायची, कधी तिकडं. सलीमचा पाय बी." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हे नक्की ना?"

"नक्की, सर. चूक माझी होती. तुम्ही पहिल्यापासून बरोबर होता."

"बरं. तू म्हनतो तर असंल."

मला रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांना बँकेत जायचं होतं म्हणून आम्ही बरोबरच निघालो. कोपऱ्यावर त्यांच्या ओळखीचा जुना रिक्षावाला उभा होता. त्याने गाडी सुरू केली आणि विचारलं, "सर, कॉर्नरला ना?"

फोटो सरांच्या मांडीवर होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बँकेपाशी सोड," ते म्हणाले.

पावसाळ्याआधीच सर गेले. तो फोटो आता स्टुडिओत दर्शनी भिंतीवर आहे, खाली जागेचं नाव ठळक लिहिलेलं. त्या बाजूला काही काम निघालं की मी रिक्षावाल्याला सांगतो, कॉर्नरला सोड. नवे रिक्षावाले मागे वळून बघतात. मी त्यांना हद्दी समजावतो, टाकी उजव्या हाताला आहे हे दोनदा सांगतो.