सुताचा पौंड, राणीचा पौंड

आधी अक्काचं सांगते. सोलापुरात मला उभं केलं ते घडीवरच्या अक्कानं. टॉवेलच्या घड्या घालणारी, पन्नाशीची, घरात तेलुगू बोलणारी बाई. तिच्यामुळं मी आज या फोनच्या टेबलाशी आहे, आणि इथं बसायची लाज वाटते तीही तिच्यामुळंच. तिचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढं येईल.

माझं गाव मालवणकडं. सातवीत शाळा सुटली. आत्याच्या भरवशावर सोलापूरला आले आणि वर्षाच्या आत आत्या गेली. गावी भावाच्या संसारात मला जागा नव्हती. अक्का आत्याची शेजारीण. तिनं मला हाताला धरून टॉवेलच्या कारखान्यात नेलं आणि स्वतःशेजारी घडीवर बसवलं. पुढं मालकांना फोन घ्यायला, पत्रं लिहायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी विचारलं, "किती शिकलीस?"

"मॅट्रिक," मी म्हणाले. कसं तोंडातून गेलं कळलंच नाही.

अक्का तिथंच होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "सातवीची मॅट्रिक कवा झालीस गं? जेवायच्या सुट्टीत?" आणि मग, "मला बी शिकव की. माझं नाव लिहायला."

गठ्ठ्यांवर खुणा करायच्या खडूनं आम्ही दुपारी फरशीवर अक्षरं काढायचो. तिच्या नावात चार अक्षरं. दोन तिला चांगली बसली होती.

पौंड हा शब्द मी सोलापुरातच शिकले. काटे किलोचे होऊन किती वर्षं झाली होती, पण सुताची भाषा पौंडाचीच. सूत आलं किती पौंड, रंगवायला गेलं किती पौंड. मला हे सगळं येतं याचा केवढा अभिमान होता!

त्या वर्षी आमचे टॉवेल विलायतेला जायचे होते. मालक मुंबईला दलालाला भेटायला गेले. डझनाला किती पौंड, म्हणजे राणीच्या छापाचे विलायती पैसे, घ्यायचे ते तिथं ठरायचं होतं. आधी बरीच वर्षं पौंड अठरा-एकोणीस रुपयांवर बसलेला, कुणी विचारायचंही नाही. मग सरकारनं रुपयाची पौंडाशी बांधलेली गाठ सोडली आणि पौंड घसरायला लागला. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी काहीच माहीत नव्हतं.

दुपारी ट्रंक कॉल आला. नुसती खरखर. "पौंडाचा आजचा भाव काढून ठेव. चारला परत करतो." लाइन तुटली.

मी रस्ता ओलांडून समोरच्या सूतवाल्याकडं गेले. कुठल्या सुताचा विचारायचा ते मालक बोलले नव्हते. मी डोकं चालवलं. किनारीचं बारीक रंगीत सूत सगळ्यात महाग, त्याचाच विचारला. साडेसतरा.

चारला सांगितलं, "साडेसतरा."

"एवढा? बरा टिकलाय म्हणायचा."

"हो मालक. उद्या अजून वाढेल म्हणत होते."

हे शेवटचं कशाला बोलले देव जाणे. काम नीट केलं असं दिसावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी मालक आले ते सरळ टेबलापाशी. पौंडामागं साडेसतरा रुपये मिळतील असं धरून त्यांनी दर कमी लावला होता आणि लिहून दिला होता. खरे मिळणार होते सोळाच्याही आत. प्रत्येक डझन तोट्यात जाणार होता.

"कुठल्या बँकेनं सांगितला साडेसतरा?"

"बँक?" मी म्हणाले. "समोरच्या सूतवाल्यानं."

माग चालूच होते, पण मला काही ऐकू येईना.

"विलायतेत पौंड चालतो हे मॅट्रिकला शिकवत नाहीत? दाखला आण बघू तुझा!"

दाखला कुठला आणणार? फोन गेला, काम गेलं, खोली गेली, एवढंच दिसत होतं. तेवढ्यात घडीवरून आवाज आला.

"मालक, ती जात व्हती बँकेत. मीच आडवलं. म्हटलं, बँकेत कुटं सूत विकतेत?"

बायका फिसकन हसल्या. मालक हसले नाहीत. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "खरं?"

मी मानेनंच हो म्हटलं.

एवढंच. दाखल्याची गोष्ट तिथंच राहिली. अक्काला मात्र ते म्हणाले, "अक्षर ओळखता येत नाही, तर मधे तोंड कशाला घालायचं?" दुसऱ्या दिवसापासून तिला घडीवरून काढलं. घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, भरल्या तेवढ्याचे पैसे. पगार बंद. त्या दिवाळीला सगळ्यांचाच बोनस कमी झाला आणि तिला नाव पडलं, पौंडवाली. कांड्या द्यायला आली की बायका म्हणायच्या, "पौंडवाली आली गं! काय भाव आज?"

"तुजा सांगू का? चार आने डझन," अक्का म्हणायची.

मी मान खाली घालून पत्रं लिहीत बसायचे.

मालकांनी विचारलं त्या संध्याकाळीच मी तिच्या घरी गेले होते. "अक्का, का केलंस असं?"

"तू लांबची. तुला काडलं तर जाशील कुटं? मला हितं पोरगा हाय, सून हाय. आन् मला खरंच येत न्हाय की वाचायला. त्यात खोटं काय?" मग नातवाची पाटी माझ्याकडं सरकवत म्हणाली, "चल, तिसरं अक्षर दाव."

मी म्हणाले, उद्या. तो उद्या आलाच नाही. तिच्यासमोर पाटी घेऊन बसायची हिंमत होईना. पुढं पुढं तर मी तिची गल्ली टाळून दुसऱ्या बोळानं घरी जायला लागले.

पुढच्या वर्षी तिचा मुलगा यंत्रमागाच्या कामाला भिवंडीला निघाला, तिलाही घेऊन. निघताना ती कारखान्याच्या दारात आली. "काय गं, पौंड उतरला का?"

"उतरला, अक्का."

"उतरू दे. लई चडला व्हता."



त्या घोटाळ्यानंतर मालकांनी लगेच भिंतीवर काळा फळा लावून घेतला होता. दोन रकाने, सूत आणि बँक. रोज सकाळी मी दोन फोन करते आणि दोन आकडे लिहिते. कालचे पुसते. पौंड मधल्या काळात परत चढला. गेल्या आठवड्यात बँकेच्या रकान्यात साडेसतरा लिहायची वेळ आली. खडू हातात तसाच राहिला. मालकांनी मागून विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." म्हणजे त्या दिवशीही मी गप्पच राहिले.

अक्का, मी भिवंडीला येणार आहे. येण्याआधी मालकांपुढं उभी राहून सांगेन की मी सातवी आहे, आणि मला कुणी अडवलं नव्हतं. मग काम राहिलं तर राहिलं. तुझी दोन अक्षरं अजून माझ्याकडं शिकवायची बाकी आहेत, ती तुझ्या हातानं काढून घेईन. तुझं नाव आधी तू लिही, मग मी लिहीन.