तात्या आणि तिरकं पाणी

रविवारी सकाळी कराडच्या संगमावर मी कॅमेऱ्याची तिपाई रोवून तात्यांची वाट बघत उभा होतो. सूर्य वर यायला लागला तरी त्यांचा पत्ता नाही. मग त्यांच्या मुलाचा, सुनीलचा फोन आला. म्हणाला, "सर, तात्या गेले." मी आधीच वैतागलेला. म्हटलं, "गेले? कुठं गेले? मी हितं तासभर उभा आहे आणि मला न सांगता गेले?" सुनील हळू आवाजात म्हणाला, "पहाटे गेले, सर. झोपेतच." मेलेल्या माणसावर उशीर केला म्हणून डाफरलेला मी बहुधा पहिलाच असेन. त्याला आता दीड महिना झाला. हा किस्सा सांगावा तर तो तात्यांनाच, आणि नेमकी तिथंच पंचाईत झाली आहे.

तात्या कराडशेजारच्या मलकापूरचे गवंडी. मी हायस्कुलात तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेला मास्तर. निवृत्तीनंतर हौसेनं भारीतला कॅमेरा घेतला. तात्यांकडं फौजेतल्या पुतण्यानं टाकून दिलेला जुना कॅमेरा होता, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. आमची ओळख झाली ते माझं कंपाउंड बांधायला आले तेव्हा. चहा पिताना मी ऐटीत संगमाचे फोटो दाखवायला काढले. त्यांनी मान एकीकडं वाकडी केली, मग दुसरीकडं केली. "सर, फोटो लय भारी. पन नदी सांडाय लागलीया." मी म्हटलं, "कुठं?" "ही काय, उजव्या हाताला. आजून चार फोटो काढलं तर कृष्णा रिकामी हुतीया." फळ्यावर तीस वर्षं आडव्या रेषा मारल्या मी, आणि एका फोटोत नदी आडवी ठेवता येईना. पुढं त्यांनी कॅमेरा हातात घेतला. पडद्यावर एक रेघ दिसायची, ती मधूनच हिरवी व्हायची. "ही कसली वो?" मी ठासून सांगितलं, "बॅटरी फुल्ल असल्याची खूण." तात्यांनी कॅमेरा जरा कलता केला, रेघ पिवळी झाली. सरळ केला, हिरवी झाली. पुन्हा कलता, पुन्हा सरळ. "बॅटरी लय चंचल हाय तुमची," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. ती रेघ म्हणजे कॅमेरा सरळ धरलाय का ते दाखवणारी पाणसळ होती, हे मला त्या दिवशी एका गवंड्याकडून कळलं.

तिथून पुढं पाच वर्षं आम्ही दर रविवारी फोटो काढत हिंडलो. तात्यांना सगळ्या दुनियेसाठी एकच शब्द पुरायचा, लेवल. भिंतीची लेवल, चहातल्या साखरेची लेवल. कुणी पुढारी भाषणात घसरला की "लेवल सोडली गड्यानं." डॉक्टरनं रक्त तपासून कागद हातात दिला की "ही एक लेवल काय आपल्याला गावत न्हाई." मी दुकानदाराशी हुज्जत घालायला लागलो की मागनं माझा शर्ट ओढायचे, "सर, लेवलला या." पावसाळ्यात सांगलीच्या बहिणीला, अक्कांना फोन लावला की रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही, पहिला प्रश्न "लेवल किती?" सांगलीत त्या दिवसांत लेवल म्हणजे फक्त नदीची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी शिकवलेली भूमितीतली पातळी ह्या माणसापुढं फारच पातळ निघाली.

आणि ह्याच माणसाच्या लेवलला मी एकदा चूड लावली. अक्कांचं घर सांगलीत नदीच्या अंगाला. त्यांचे मालकही गवंडी, त्यांनी स्वतःच्या हातानं ते बांधलेलं. मालक वारले, पोरं पुण्याला, अक्का तिथं एकट्या. मागचा पूर ओसरल्यावर तात्यांना दिसलं की नदीकडची बाजू खचली आहे. त्यांनी अक्कांना मलकापूरला चल म्हटलं, तर अक्का भडकल्या. "माझ्या मालकाच्या लेवलला नावं ठेवतुयास? तुझी ती लेवलची नळी घेऊन उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई." मग तात्यांनी गपचूप फोटो काढला. विटांच्या भिंतीवर पुराच्या गाळाची रेघ उठली होती. पाणी सरळ राहतं, म्हणजे रेघ सरळ, आणि विटांचे थर तिला सोडून खाली गेलेले. "माझं नगं ऐकू, पान्याचं ऐक" असं ते बहिणीला सांगणार होते. दिवाळीला अक्कांनी भिंत धुऊन रंगवली, म्हणजे साक्षीला राहिला तो एवढा एक फोटो. तो मोठा करून आणायचं काम माझ्याकडं आलं.

मी फोटो कॉम्प्युटरवर उघडला. बघतो तर दार कललेलं, विटा कललेल्या. मला जो आनंद झाला म्हणता... ओळख झाल्यापासून पहिल्यांदा तात्यांची लेवल चुकली होती. फोटो सरळ करायचं बटण मला नुकतंच सापडलेलं. दाराची चौकट धरली आणि सगळा फोटो फिरवून झकास सुतात आणला. प्रिंट काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एस.टी.नं सांगलीला.

अक्कांनी कागद सोडला, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. "घर तर सुतात हाय की रं," त्या म्हणाल्या. "पानीच तिरकं हाय." तात्यांनी फोटो घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी घाईघाईनं म्हटलं, "स्टुडिओवाल्यानं काहीतरी केलेलं दिसतंय." तात्या शांतपणे म्हणाले, "स्टुडिओवाला येवढा शाना न्हाई, सर." मग मात्र मी सगळं ओकलो... दार कसं धरलं, बटण कसं दाबलं, आणि त्यांची चूक सापडली म्हणून मनात कसा नाचलो, तेही. अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "मास्तर, पोरं पास व्हायची का वो तुमची?" हसता हसता थांबल्या. पुन्हा फोटो बघितला. "म्हंजी दार सरळ केलं तवा पानी तिरकं झालं. पानी तर तिरकं नसतंय." अक्का उठल्या, माळ्यावरनं मालकांची लेवल बघायची जुनी पारदर्शक नळी काढली, स्वतःच पाणी भरलं आणि एक टोक तात्यांच्या हातात दिलं. "ह्या घराला लेवल लावली तवाबी दुसरं टोक मीच धरलंवतं."

एकाच थराच्या दोन कोपऱ्यांना बहीणभाऊ नळी धरून उभे राहिले. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला येऊन थांबलं. अक्कांच्या कोपऱ्यात थर पाण्याच्या चार बोटं खाली होता. त्यांनी स्वतःची बोटं लावून मोजली. "मालकांचं चुकलं म्हन की मग." तात्या म्हणाले, "न्हाई अक्का. दाजींचा एक थर हाललेला न्हाई. जमीन खचली. जमीन काय दाजींनी बांधली न्हवती." त्या आठवड्यात अक्का मलकापूरला आल्या. पुढच्या पावसात ती बाजू खाली बसली तेव्हा आत कुणी नव्हतं.

ह्या उन्हाळ्यात तात्यांनी घरामागं अक्कांसाठी खोली बांधायला घेतली. परवा गेलो तेव्हा सुनील तिथं फरशीची तयारी करत होता. फरशीच्या लेवलच्या खुणा, तात्यांच्या निळ्या पेन्सिलच्या, तीन कोपऱ्यांत होत्या. चौथा कोपरा राहिला होता. सुनीलनं नळीचं एक टोक तिसऱ्या खुणेला लावलं आणि दुसरं कोण धरणार म्हणून इकडंतिकडं बघायला लागला. अक्कांचे हात आता थरथरतात. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी धरा." सुनील चाचरला, "आत्ती... सरांना?" "धरू दे. त्यांचं चुकायचं ते चुकून झालंय."

मी चपला काढून कोपऱ्यात उकिडवा बसलो आणि नळी भिंतीला टेकवली. पाणी वर आलं, खाली गेलं, परत थोडं वर आलं... मग थांबलं. अक्का वाकल्या, तीच निळी पेन्सिल घेतली आणि माझ्या अंगठ्याशेजारी आडवी खूण केली.